फोनवर बेस ऐकू येत नाही, मग शोमध्ये कुणाला येतो?

या आठवड्याचा भाग ज्यांना ऐकायला जमला नाही, किंवा ज्यांचं नेटवर्क लोकलमध्ये नेमकं महत्त्वाच्या वाक्याला जातं, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना मी "म्हणजे" फार म्हणतो, ते बरेचसे काढलेत. ऐकणार असाल तर मात्र एक विनंती, इयरफोन लावा. शंभर-दीडशे रुपयांचे वायरवालेही चालतील. फोनच्या स्पीकरवर ऐकलंत तर भागाच्या सुरुवातीला मी वाजवलेला एक सूर तुम्हाला जवळजवळ ऐकूच येणार नाही. आणि आजचा सगळा विषय तोच आहे.

तो सूर म्हणजे बेस गिटारची सगळ्यात जाड तार. चार तारांच्या बेसवर तिला ई म्हणतात आणि ती सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. ४१ हर्ट्झ. तुमच्या फोनचा स्पीकर असतो नखाएवढा. त्यातून दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही. मग तरी फोनवर गाणं ऐकताना "बेस आहे बुवा" असं थोडंसं का वाटतं? कारण तार एकट्या ४१ वर थरथरत नाही. तिच्यासोबत ८२, १२३, १६५, २०६ असे पटीतले सूरही निघतात. त्यातले वरचे सूर फोनमधून येतात, आणि मेंदू त्यांच्यातलं अंतर ओळखून खालचा न आलेला सूर स्वतःच भरून काढतो. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार ऐकलाय ना? कुणी तार गंधाराला लावलेली नसते, तरी तो ऐकू येतो. तो याच पटीतल्या सुरांमधला, पाचवा.

एवढं डोक्यात ठेवा. मला हे कळायला एक भांडण आणि तीन गेलेले शो लागले.

गणपतीतला तो शो

मी पुण्यात राहतो आणि ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. गणपती, नवरात्र, सोसायट्यांची स्नेहसंमेलनं, लग्नाचे संगीत, अधूनमधून पबमध्ये इंग्रजी-हिंदी गाणी. यातल्या गणपतीतल्या एका शोची गोष्ट. तेव्हा वाजवायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. मी घरच्यांकडून पैसे घेऊन, उरलेले हप्त्याने, एक भलामोठा अँप घेतला होता. पंधरा इंची स्पीकर. तो उचलायला दोन माणसं लागायची, रिक्षावाले बघूनच मान हलवायचे.

मांडवात साडेसहाला पोचलो. साउंडचेक सात वाजता ठरलेला. सातला आरती, मग बक्षीस समारंभ, मग नगरसेवक येईपर्यंत थांबा, मग ते आले म्हणून भाषण. आठ चाळीसला आम्ही थेट पहिलं गाणं सुरू केलं. दहाला साउंड बंद करावाच लागतो, नियम तसा आहे, आणि वाढीव वेळेचे दिवस सरकार मोजून देतं, त्यातला तो दिवस नव्हता. म्हणजे साउंडचेक शून्य.

शो मला वाटलं की झकास झाला. माझ्या अँपमधून पोटात धडका बसत होत्या. संपल्यावर मित्राने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. त्यात गाणं होतं, कीबोर्ड होता, ऑक्टोपॅड होता, ढोलकी होती. मी नव्हतो. बोटं हलताना दिसत होती, आवाज नाही.

मी तडक साउंडवाल्या दादांकडे गेलो आणि सगळ्यांसमोर बोललो. "माझा चॅनल बंदच ठेवला होता ना?" वगैरे. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ते वयाने माझ्या वडिलांएवढे. वायर गुंडाळत होते, गुंडाळतच राहिले. एवढंच म्हणाले, "घरी जा. उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तोच व्हिडिओ इयरफोन लावून बघितला. बेस होता. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, स्वच्छ. उलट काही ठिकाणी जरा जास्तच होता, कारण माझा अँप स्टेजवर इतका मोठा होता की गायिकेच्या माइकमध्येही तोच शिरत होता.

याची किंमत लगेच चुकवली. पुढचे तीन शो मला बोलावलं नाही. आमचा कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवतो, आयोजकांचं एक मानधन वाचतं, आणि भांडणारा माणूस स्टेजवर नसतो. ही कुठल्याही लोकल बेसवाल्याची खरी भीती असते बरं का. गिटारवाल्याशिवाय शो होत नाही असं सगळ्यांना वाटतं. बेसवाल्याशिवाय होतो हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

मी दादांकडे जाऊन चुकलो म्हणालो. मग तो सगळा सीझन त्यांच्यासोबत केबल ओढत फिरलो, पैसे न घेता, मिक्सरमागे उभं राहून ऐकायला मिळावं म्हणून. पुढे जे सांगतोय त्यातलं अर्धं तिथलं आहे.

लोकांना तुमचा अँप ऐकू येत नाही

बेस वाजवायला लागलेल्या पोरांचे मला मेसेज येतात, त्यात पहिला प्रश्न हाच, "दादा, अँप किती वॅटचा घेऊ?" माझं उत्तर असतं, आत्ता घेऊच नको.

बघा, मांडवात किंवा हॉलमध्ये समोर बसलेल्या माणसाला जो बेस ऐकू येतो तो स्टेजच्या दोन बाजूंना लावलेल्या मोठ्या स्पीकरांतून येतो. तुमची बेस मिक्सरला जाते, मिक्सरमधून तिकडे. तुमचा अँप हा तुमच्या स्वतःच्या कानांसाठी आणि ड्रमरसाठी. बेस मिक्सरपर्यंत नेणारी जी छोटी डबी असते ती डीआय बॉक्स. तळहाताएवढी, लोखंडी, दिसायला अगदी सामान्य. तिचं काम काय? गिटारच्या जॅकमधून येणारा सिग्नल नाजूक असतो. पाच-सहा मीटरच्या पुढे केबल गेली की त्यातला वरचा चटपटीतपणा जातो आणि वाटेतली सगळी घरघर त्यात शिरते. डीआय तो सिग्नल बदलून माइकच्या जातीचा करते, मग तो तीस मीटरवरच्या मिक्सरपर्यंतही सुखरूप जातो.

मिक्सरला थेट जोडलेला बेस म्हणजे कमअस्सल असं कुणी सांगितलं तर त्याला जेम्स जेमरसनचं नाव सांगा. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या कितीतरी हिट गाण्यांवर बेस त्याचा. स्टुडिओत त्याची बेस बहुतेक वेळा थेट रेकॉर्डिंग टेबलाला जोडलेली असायची, समोर अँप नाही. १९६२ची फेंडर प्रिसिजन, तिच्यावर सपाट वेटोळ्यांच्या जाड तारा, त्याही तो शक्यतो बदलायचा नाही. आणि उजव्या हाताचं एकच बोट.

डीआय दोन प्रकारच्या असतात. पॅसिव्ह डीआयला वीज लागत नाही, आत ट्रान्सफॉर्मर असतो. अ‍ॅक्टिव्ह डीआयला बॅटरी लागते, नाहीतर मिक्सरमधून ४८ व्होल्ट. ढोबळ हिशेब असा की बेसमध्ये बॅटरी असेल तर पॅसिव्ह डीआय छान चालते, बेसमध्ये बॅटरी नसेल तर अ‍ॅक्टिव्ह बरी, आवाज मलूल होत नाही. साउंडवाल्यांकडे डीआय असतेच, पण ती आजवर किती वेळा स्टेजवरून पडलीये ते विचारू नका. स्वतःची एक पिशवीत ठेवा.

आता वॅटचं. १०० वॅटऐवजी २०० वॅटचा अँप घेतला तर आवाज दुप्पट होत नाही. तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल एवढा. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून जुन्या काळी बेसचे अँप राक्षसासारखे असायचे. अँपेग कंपनीचा एसव्हीटी १९६९मध्ये आला, ३०० वॅट, आत काचेच्या ट्यूबा, आणि त्याच्याखाली दहा इंची आठ स्पीकरांचं कपाट. ते कपाट ६० किलोच्या वर जातं. तेव्हा मोठमोठ्या मैदानांत आजच्यासारखे साउंड नव्हते, बेसवाल्याला स्वतःचा आवाज स्वतःच लांब फेकावा लागायचा. आपल्याला वॉर्डातल्या मांडवात ते करायचं नाहीये. आता दोन-तीन किलोंचे अँप मिळतात, दप्तरात बसतात. मी माझा मोठा अँप विकला. किती तोट्यात ते राहू द्या.

घरी भारी, शोमध्ये गायब

मला हे सगळ्यात उशिरा कळलं.

घरी एकटे वाजवताना आपण काय करतो? लो फुल, हाय फुल, मधला नॉब खाली. असं केलं की एकट्या बेसचा आवाज फार मोठा, गुळगुळीत, रेकॉर्डसारखा वाटतो. तोच आवाज शोमध्ये नेला की तो नाहीसा होतो. खाली ढोलकीच्या डाव्या बाजूचा घुमारा आणि ऑक्टोपॅडचा किक बसलेले असतात. वर झांजा, कीबोर्ड आणि गाणं. तुमच्यासाठी जी जागा उरते ती मधली, आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने रिकामी करून ठेवलेली असते.

त्यात छोट्या शोला बरेचदा मोठे सब-वूफर नसतातच, नुसते दोन टॉप स्टँडवर. त्यांतून ४१ हर्ट्झ नीट निघत नाही. मग "दादा, बेस वाढवा ना" म्हटलं की साउंडवाला लो वाढवतो, स्पीकरचा पडदा फडफडतो, सगळं गढूळ होतं, आणि बेस तरीही ऐकू येत नाही. आता फोनची गोष्ट आठवा. खालचा सूर स्पीकरमधून नाही आला तरी चालतं, वरचे पटीतले सूर पोचले की बाकीचं मेंदू बघतो. म्हणून लो थोडा कमी करा आणि मधला नॉब वाढवा. तीनशे ते आठशे हर्ट्झच्या आसपास कुठेतरी. एकट्याने ऐकाल तर नाकात बोलल्यासारखं, जरा खरखरीत वाटेल. बँड सुरू झाला की तोच आवाज गाण्याखाली नीट जाऊन बसतो.

आणि मिक्सरजवळ जाऊन एकदा ऐका. चाळीस हर्ट्झची एक लाट आठ मीटरहून लांब असते. ती मंगल कार्यालयाच्या भिंतींवर आपटून परत येते, आणि काही ठिकाणी जाती-येती लाट एकमेकींना खाऊन टाकतात, काही ठिकाणी दुप्पट करतात. स्टेजवर तुम्ही उभे आहात तिथे बेस पातळ वाटतो म्हणून अँप वाढवता, आणि मागच्या रांगेत, जिथे आजी-आजोबा बसलेत, तिथे ताटं वाजायला लागतात. कुठलाही नॉब फिरवण्याआधी चार पावलं इकडेतिकडे सरकून बघा. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. सोबत एक लांब केबल असली की साउंडचेकला वाजवत वाजवत खाली उतरता येतं. तेवढ्यापुरता आवाज जरा बिघडला तरी चालतो.

कुठली बेस घेऊ, आणि "काळी दोन"चं दुखणं

बेस गिटार हे वाद्य तसं तरुण आहे. लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणली १९५१मध्ये. त्याआधी बेस म्हणजे माणसाएवढा उभा डबल बेस, तो उचलून गावोगाव जाणाऱ्यांचे हाल काय असतील विचार करा. प्रिसिजनला पडदे होते म्हणून सूर अचूक लागायचा, नाव त्यावरूनच. मग १९६०मध्ये जॅझ बेस आली, बारीक मानेची, दोन पिकअपवाली. आज दुकानात ज्या काही स्वस्त-महाग बेस दिसतात त्यातल्या कितीतरी या दोघींच्या लेकी-नाती.

आपल्याकडे सिनेमासंगीतात बेस गिटार मोठी झाली. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातल्या टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस आपण सगळ्यांनी ऐकलाय, नाव माहीत नसताना. आता मुंबईची मोहिनी डे आहे, जगभर वाजवते. तिचे व्हिडिओ बघून पोरं सहा तारांची बेस मागतात. त्यांना मी सांगतो, थांबा जरा.

पण पाच तारांची घ्या, विशेषतः मराठी-हिंदी ऑर्केस्ट्रात वाजवायचं असेल तर. कारण सांगतो. आपले गायक सूर हार्मोनियमच्या भाषेत सांगतात. "माझी काळी एक", "पांढरी चार". पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई. हे पाठ करा, नाहीतर पहिल्याच शोला फजिती. आता गायक म्हणाला "काळी दोन". चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन. तुमचा मुख्य सूर, गाण्याचा सा, तुमच्या वाद्याच्या तळाच्या अर्ध्या सुराने खाली! मग तुम्हाला तो वरच्या सप्तकात घ्यावा लागतो, ए तारेच्या सहाव्या पडद्यावर, आणि सम येते तिथे जमीन पायाखालून सरकल्यासारखं होतं. पाचवी तार बी असते, साधारण ३१ हर्ट्झ. तिच्या चौथ्या पडद्यावर खालची काळी दोन, दुसऱ्यावर काळी एक. सम पडली की समोरचे लोक आपोआप मान हलवतात. आता म्हणाल, टॉपमधून ३१ हर्ट्झ येतच नाही ना? नाही येत. पण जाड तारेचे पटीतले सूर येतात, तेवढं पुरतं.

एकाच गाण्यासाठी ई तार अर्ध्या सुराने सैल करून चालवणारेही आहेत. मीही केलंय. पुढचं गाणं "पांढरी तीन" आलं आणि मी विसरलो.

बॅटरीचं तेवढं सांगतो. अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. बहुतेक बेसमध्ये जॅक खुपसला की ती चालू होते, वेगळं बटण नसतं. रियाझ करून केबल तशीच लावून झोपलात की रात्रभर बॅटरी जळत राहते. मग शोमध्ये तिसऱ्या गाण्याला आवाज आधी चिरका, फाटका होतो, मग खाली खाली जातो. तुम्हाला वाटतं केबल गेली, साउंडवाल्याला वाटतं चॅनल गेला. एक नवी बॅटरी पाकिटात, आणि बॅटरीचं झाकण उघडायला स्क्रू लागत असेल तर छोटा पेचकसही. नाहीतर बॅटरी असूनही मांडवात चमच्याने झाकण उघडत बसायची वेळ येते, ती माझ्यावर आलेली आहे.

तारांबद्दल थोडक्यात. बेसच्या तारा महाग, गिटारच्या सेटच्या कितीतरी पट. पावसाळ्यात मुंबई-कोकणात त्या बघता बघता गंजतात. वाजवून झालं की सुती फडक्याने पुसा, प्रत्येक तार, खालूनही. मेलेल्या तारा पाण्यात उकळल्या की मळ सुटून थोडे दिवस परत चकाकतात, हा जुना आणि खरा उपाय आहे. नंतर कडक वाळवा. आणि आईच्या चहाच्या पातेल्यात उकळू नका. आमच्या घरी ते पातेलं अजून "तुझ्या गिटारचं पातेलं" म्हणून वेगळं ठेवलंय.

हवेतला दमटपणा बदलला की मानही वाकते. पहिला पडदा आणि शेवटचा पडदा एकाच वेळी दाबून बघा, मधे आठव्या पडद्याजवळ तार आणि पडदा यांत व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी. खूप जास्त असेल किंवा अजिबात नसेल तर मानेतला लोखंडी दांडा फिरवावा लागतो, एका वेळी पाव फेराच. भीती वाटत असेल तर दुकानात न्या. दुसऱ्याच्या हातून झालेली ही एक सेटिंग तुम्हाला नव्या पेडलपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

घरघर, आणि ज्याला हसायचं नाही ते

आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट नसलं की स्पीकरमधून जी घरघर येते ती ५० आणि त्याच्या पटीत, १००, १५०. आता गंमत अशी की ई तारेचा तिसरा पडदा, खालचा जी, म्हणजे पांढरी पाच, ४९ हर्ट्झचा. म्हणजे घरघर ही जवळपास बेसचीच एक नोट आहे, किंचित बेसूर. गायकाची पट्टी पांढरी पाच असेल तर ती सगळा वेळ तुमच्यासोबत चुकीचा सा धरून बसते.

जॅझ बेसवर दोन्ही पिकअप सारखे उघडे ठेवले तर घरघर बरीच कमी होते, दोघी एकमेकींची खातात. एक कमी केला की परत येते. प्रिसिजनचा पिकअप १९५७पासून दोन तुकड्यांत असतो, त्याला हा त्रास मुळातच कमी. डीआयवर "ग्राउंड लिफ्ट" असं बटण असतं, घरघर आली की आधी ते दाबून बघा.

पण एक गोष्ट कधीही करू नका, आणि कुणी करत असेल तर थांबवा. घरघर घालवायला काही लोक अँपच्या प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात किंवा तिथे दोन पिनांचा जोड लावतात. घरघर जाते. त्यासोबत तुमचा जीव वाचवणारी वायरही जाते. बेसच्या तारा ब्रिजमधून आणि केबलमधून अँपच्या लोखंडी अंगाला जोडलेल्या असतात. अँप एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या फेजवर नाहीतर जनरेटरवर, आणि अर्थिंग कुठेतरी तुटलेलं. हात तारांवर ठेवून कोरस गायला माइकला ओठ लावलात की सर्किट पूर्ण होतं ते तुमच्यातून. १९७२मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडात नावारूपाला येत असलेल्या स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी वेल्समधल्या स्वानसी शहरात भर कार्यक्रमात असाच गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता.

आपल्या मांडवांत बोर्ड ताडपत्रीखाली असतो, भाद्रपदात पाऊस असतो, स्टेजच्या मागे चिखल. म्हणून माझ्या पिशवीत एक स्वस्त मल्टिमीटर असतो. एसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. शून्याच्या आसपास असेल तर ठीक. चार-दोन व्होल्टच्या वर काही दिसलं की मी अँप बंद करून बेस फक्त डीआयमधून मिक्सरला देतो. मग तारा आणि माइक दोघांचंही अर्थिंग एकाच ठिकाणाहून येतं. आकडा तरीही दिसत असेल तर मंडपवाल्याचा वायरमन येईपर्यंत वाजवत नाही. एकदा आयोजक चिडले होते, "बाकी सगळे वाजवतायत, तुझंच काय?" मी मीटर त्यांच्यासमोर धरला. ८० दाखवत होता. मग वायरमन पाच मिनिटांत आला.

लोकांबरोबर कसं वागायचं

हे कुठल्या दुकानात मिळत नाही म्हणून सांगतो. मांडवात गेल्यावर आधी साउंडवाल्याला भेटा, बेस बाहेर काढायच्या आधी. "दादा, पाच तारांची बेस आहे, माझी डीआय आहे, कुठे लावू?" एवढं म्हटलं की पुढचे दोन तास सोपे जातात. साउंडचेकला सोलो वाजवू नका. शोमधलं सगळ्यात जोरकस गाणं आणि सगळ्यात हळू गाणं, दोन्हींतला थोडा थोडा भाग, शोमध्ये जितक्या जोराने वाजवणार तितक्याच जोराने. तिथे हळू वाजवून शोमध्ये जोर लावलात की त्यांनी लावलेलं सगळं बिघडतं, आणि दोष येतो त्यांच्यावर.

ढोलकीवाल्याजवळ उभे राहा. लावणीत बेसवाल्याने कमी वाजवायचं असतं. ढोलकीच्या घुमाऱ्याला जागा सोडायची, समेवर भेटायचं, मधे शक्यतो गप्प. मी आधी जागा दिसली की सूर भरायचो. आमच्या ढोलकीवाल्या काकांनी एकदा नुसतं बघितलं माझ्याकडे, वाजवता वाजवता. त्यानंतर मी भरत नाही. आणि कीबोर्डवाल्याला शो सुरू व्हायच्या आधी हसून सांगा, "डावा हात जरा वर ठेवशील?" दोघांनी खालचा सा धरला की सगळा चिखल होतो. तो ऐकेलच असं नाही. सवय असते त्याची, आणि तुम्ही नव्हता तेव्हा त्याने तीन शो सांभाळलेले असतात.

प्रवासात बेसची मान वर, टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये कधीही सामानाच्या तळाशी नाही. लोकलमध्ये लगेजच्या डब्यात, आणि गर्दीत बॅग पाठीवर नाही, पुढे.

एका श्रोत्याने विचारलंय, वीस हजारांत सगळं बसवायचं असेल तर? मी असं करेन. जुनी पण मान सरळ असलेली पाच तारांची बेस, तिची एक चांगली सेटिंग, दोन केबल, एक डीआय, पेडलवाला ट्यूनर. क्लिपवाला ट्यूनर घरी ठीक, पण स्टेजवर बाकीच्यांची थरथर त्यात शिरते आणि खालची बी तार तो ओळखतच नाही. तशी वेळ आलीच तर बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून निघणारा वरचा सूर त्याला ऐकवा. कानात घालायचे फोमचे बोळे, ते तर केमिस्टकडेही मिळतात. अँप या यादीत नाही. रियाझाला हेडफोन.

पुढच्या भागात ढोलकीवाले काका स्वतः येणार आहेत, शाई कशी लावतात ते दाखवायला. म्हणजे ऐकवायला. त्यांच्यासाठीचे प्रश्न शुक्रवारपर्यंत पाठवा, व्हॉइस नोट चालेल, पण दोन मिनिटांच्या आत.